तलावाचं पाणी

म्हसवडहून सुटलेल्या एसटीत पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"रंगूमावशी, काल ग्रामसभेत काय झालं?"

"म्हशीच्या मांसाच्या कारखान्याला आमी न्हाई म्हणालो, चंदना."

"पण तुमी तर मटण खाता."

"खाते की. तुमच्यासारखं मला वर्ज्य न्हाई. पर कारखाना तलावाचं पाणी उपसणार, आन् आमी टँकरची वाट बघायची व्हय?"

"सरपंच तर गोरक्षणावर भाषणं देतात."

"त्येंचाच मेव्हणा कारखान्यात भागीदार निघाला. मी भर सभेत इचारलं, हे खरं का खोटं?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणलं, मतच घिऊ या. मग इरोधात हात वर करायला सांगितलं, तवा समदं गाव उठलं."

"सरपंचांचा हात?"

"त्येंचा न्हाई. पर पयला वर गेला, त्यो त्येंच्या बायकूचा."