पालखीपासूनचे तास

शिमग्यात पोलादपूरच्या एसटी स्थानकावर वाडीवरची एक सून आणि सरकारी परिचारिका यांचे संभाषण माझ्या कानी आले, ते मी आजन्म विसरणार नाही.

“बाई, मागल्या बाळंतपणात रगत थांबत नव्हतं. आता परत पोटात राहिलं तर मी नाय वाचायची.”

“नवरा मुंबईहून कधी आला?”

“पालखी दारात नाचली त्या राती. परवा.”

“मग वेळ आहे. ही गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितका गुण.”

“पोटातलं पाडते?”

“छे! राहिलेल्या गर्भाला ती काहीच करत नाही. तुझं बीज बाहेर पडायचंच लांबवते.”

“एवढीशी गोळी बिजाला थांब म्हणते? आणि ते ऐकतं?”

“बहुतेकदा ऐकतं. पाळी आठवडाभर लांबली, तर मात्र तपासायला ये. आता घरी जाऊन घे.”

“घरी? गाडीतून उतरल्यावर तीन तासांची चढण हाय. ते तीन तास कशाला घालवू? पाणी द्या, बाई.”