नव्या गाडीच्या दाराची पट्टी

मी मूळची वणीकडची. बाप गडाच्या पायथ्याशी नारळ आन् ओटीचं सामान विकायचा, म्हंजी देवीपाशीच वाढले म्हणा ना. लगीन होऊन नाशकात आले. आमचे हे गाड्यांच्या सामानाच्या दुकानाबाहेर बसायचे, काम काय तर मोटारीच्या दाराच्या कडेला पट्टी बसवायची, दार भिंतीला आपटून रंग उडू नये म्हणून.

काय सांगू तुम्हाला, दिसायला लय सोपं हाय, पण नाय. पट्टी उन्हात ठेवून मऊ करायची, वरच्या टोकापासून अंगठ्यानं दाबत दाबत खाली यायचं, कोपऱ्यावर आतून जरासा छेद द्यायचा, नायतर तिथं फुगती, पाणी शिरतं आन् दार गंजतं. मी डबा घेऊन जायचे, बघून बघून शिकले. हे म्हणायचे, तुझा अंगठा माझ्यापेक्षा बरा चालतो गं. आन् मग एका टेम्पोनं उडवलं त्यांना, संपलंच सगळं. पोरगी पाच वर्षांची. दीर म्हणाला, चल सटाण्याला, कांदे निवडायला लाग, पोरीच्या शाळेचं बघू नंतर. त्या ‘नंतर’चा अर्थ मला कळत व्हता. मी म्हणलं, मरेन, पण पोरीची शाळा सुटू द्यायची नाय.

दुकानाच्या शेठचे पायच धरले मी. तो म्हणाला, बाई, काम देतो, पण इथं नव्या कोऱ्या गाड्या येतात, पूजा व्हायच्या आधी, तुझं मोकळं कपाळ बघून गिऱ्हाईक पळंल माझं. लाव काहीतरी. मग काय, दुकानामागच्या नळापाशी टिकली लावायची, काळी पोत घालायची, आन् घरी निघताना काढून पदराला बांधायची, गल्लीतल्या बायका काय म्हणतील म्हणून. रोज. सात-आठ वर्षं रोज. काढताना जीव जायचा हो, जसे काय हे रोज नव्यानं मरायचे.

मग एका दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली गाडी आली. चारी दारं केली मी. गाडीवाल्याची आई, मायाळू म्हातारी, म्हणाली, अगं बाई, सवाष्णीचा हात लागला गाडीला, ये, आधी तुझी ओटी भरते. आन् करंडा उघडून कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडं आणलं. इतकी वर्षं खोटं निभावलं, पण दसऱ्याच्या दिवशी ओटी घ्यायची, खोटी? नाय जमलं मला. मागं सरले आन् तोंडातून निघालंच, नका लावू आई, मला मालक नाय.

गप बसले असते तर काय बिघडलं असतं? किती वेळा इचारलं मी स्वतःला. म्हातारीचं बोट तसंच राहिलं. तिच्या पोरानं चारी पट्ट्या ओढून काढल्या, पूजेला आणलेलं गंगेचं पाणी दारांवर शिंपडलं, शेठ हात जोडत राहिला. मला म्हणाला, बाई, उद्यापासून तू जुन्या गाड्या कर. जुन्या गाडीला कोणाचाबी हात चालतो.

त्या जुन्या गाड्यांवरच पोरगी शिकली, नाशिक रोडला नोकरीला लागली. मागच्या महिन्यात लगीन झालं तिचं. हळदीला पाटावर बसली आन् सगळ्यांदेखत म्हणाली, आई, पहिली हळद तू लाव. कोणी अडवलं नाय बरं का. मी वाटीत बोटं बुडवली. आन् हात पुढं जाईना. माझाच हात. वाटलं, माझ्या हातानं हिचं काय वाईट झालं तर? जाऊबाईला म्हणलं, तूच लाव. पोरगी बघतच राहिली माझ्याकडं. सुखात राहो ती, तिचं कुंकू अखंड राहो, दुसरं काय मागू मी.