राजनंदिनीच्या नावाची आउटलाइन

उठू नगा तात्या, झालंच हाय — फकस्त नावाची आउटलाइन ऱ्हायलीया. फॅनखाली बसा. हे बगा, नाव पिवळं, आन् मागं फोटोत तुमच्या राजनंदिनीचा ड्रेसबी पिवळा, मग अक्षर दिसंल कसं? न्हाई दिसणार. म्हनून अक्षराच्या कडंनं दुसऱ्या रंगाची रेघ मारायची — हितं क्लिक, स्ट्रोक, रंग निवडायचा, जाडी वाढवायची — उठलं का न्हाई नाव? लाल... लाल नगं, लग्नाचा फ्लेक्स वाटतोय. हिरवा? छ्या. जांभळाच ऱ्हाऊ द्या, तिला जांभळाच आवडतो — म्हंजे पोरींना आवडतो, सगळ्याच पोरींना. उद्या राजनंदिनीची, आपल्या नव्या फौजदारीनबाईंची मिरवणूक, आन् अख्ख्या उंब्रजात कुनालाबी इचारा, इंद्रजितचा फ्लेक्स हायवेवरनं वाचाय येतो. का? तर आउटलाइन.

फोटो? व्हय, तुमी धाडलेला न्हवं ह्यो. तुमचा लय धुरकट हुता, मोठा केला की फाटायचा, मग म्या दुसरा घातला. कुठनं म्हंजे — हुता माज्याकडं. साताऱ्याच्या अभ्यासिकेच्या दारातला. तिला पुस्तकं पोच कराय गेलतो एकदा — दोनदा — आवं, साताऱ्याला कामं असत्यातच की आपली! कागद आनायचा, शाई आनायची. तुमी च्या घ्या, गार हुतोय.

जाड दिसतीया? न्हाई ओ, जाडच पायजे. अक्षरं एकमेकाला चिकटल्यात? चिकटू द्या की, भरीव दिसतंय. बारीक कशाला — ऐका माजं तात्या, ह्यात माजी आठ-नऊ वर्सं गेल्यात — बरं. बरं, रागावू नगा. फ्लेक्स तुमचा, पोरगी तुमची. करतो. ही घ्या बारीक, अजून थोडी — आता बास, बगा, झ्याक — अजून? तात्या, हितंच ठेवू की. बरं... केली.

काय ते? कुठं? अक्षरांच्या मधी? ते... सावली असंल. बोटं व्हय, बोटंच म्हना. मैत्रीन असंल शेजारी, तिनं हात ठेवला असंल खांद्यावर — करंगळी वाकडी? दिसती खरी. माज्या हाताकडं कशाला बगताय, ह्यो माऊसवर हाय — तात्या —

व्हय. माजाच हाय. कबड्डीत मोडल्याली करंगळी हाय, लपवून लपवू किती? खोडाय दोन मिंटं लागत्यात, लोकांच्या फोटोतली अख्खी मानसं काडतो म्या — ह्यातनं मला सवताला काडलं, पर ह्यो हात काडाय मन हुईना. म्हनून नाव आनलं खांद्यावर आन् आउटलाइन जाड केली. ती म्हनलीती, ट्रेनिंग झालं की मी सांगीन तात्यास्नी, तवर तू गप ऱ्हा. आता तिला काय तोंड दावू? वाईट काय न्हाई हो त्यात, लगीन करायचंय मला तिच्यासंगं. तिची परीक्षा एकदा गेली, दोनदा गेली, तवा रडायची ती फोनवर. तुमच्याफुडं हसायची, तुमास्नी कळू नगं म्हनून. लय आवडती मला. आता बोला. मारा वाटल्यास.

...जाड? परत जाड करू? किती? हुती तेवडी. केली. न्हाई, न्हाई दिसत आता. मशीनला लावतो, घंटाभरात निगंल. घरला आनून द्यू का? तुमी मानूस पाटवनार. बरं. मग सकाळच्याला मी कमानीपाशी — यिऊ नगं? मिरवणुकीलाच यिऊ नगं? आवं, गर्दीत ऱ्हातो की मागं, कोन बगतंय — बरं. बरं तात्या, न्हाई येत.

पर ती हुडकंल की मला गर्दीत. इच्यारंल तुमास्नी, इंद्रजित कुठं हाय म्हनून. काय सांगनार तिला?

तात्या?