ऑर्किडला ताण

प्रतीक्षा : मामाजी, खरं सांगा. आईच्या ऑपरेशनसाठी मी अकोल्याला गेले, तेव्हापासून या ऑर्किडला पाणी दिलंत का?

पंजाबराव : नाई देल्लं.

प्रतीक्षा : दीड महिना? फ्रीजवर चिठ्ठी लावून गेले होते मी. सोमवारी अन् गुरुवारी अर्धा ग्लास.

पंजाबराव : वाचली ना. वाचूनच बंद केलं.

प्रतीक्षा : एक पान राहिलं नाही हो. नुसत्या कांड्या. रविवारी माझ्या क्लासच्या आठ बाया हे झाड पाहायला घरी येऊन राहिल्या. त्यांना काय तोंड दाखवू?

पंजाबराव : कायचा क्लास हाय तो?

प्रतीक्षा : माहीत आहे तुम्हाला. घरच्या घरी ऑर्किड, नवशिक्यांसाठी.

पंजाबराव : अन् तुह्या घरी याले फूल कवा आलतं?

प्रतीक्षा : आणलं तेव्हा होतंच.

पंजाबराव : ते दुकानदाराचं. तुहं?

प्रतीक्षा : दोन वर्षांत नाही आलं. म्हणून तर खत देऊन राहिले, फवारा मारून राहिले, व्हिडिओ पाहून राहिले.

पंजाबराव : खाऊनपिऊन मस्तावलं ते. फुलाची काय गरज त्याले? वरूडच्या बागेत चाळीस वर्सं दर हिवाळ्यात संत्र्याचं पानी तोडलं मी. ताण देल्ल्याबिगर बहार येत नाई. पानं पिवळी पडते, गळते. नवा मानूस म्हने, बुढा झाडं मारून राहिला.

प्रतीक्षा : ते संत्रं आहे, मामाजी. याला तर मातीसुद्धा लागत नाही.

पंजाबराव : नारयलाच्या सालीत झाड लावते, हे मले बी नाई पटलं. पन झाडच हाय ना?

प्रतीक्षा : मला विचारायचं तरी.

पंजाबराव : बाग मक्त्यानं देऊन मले या फ्लॅटात आनलं, तवा तुह्या नवऱ्यानं, माह्याच पोरानं, मले विचारलं का? दोन वर्सं झाली, या घरात झाडाचं मले कोनी काई विचारत नाई. लागते मनाले. जाऊ दे. चष्मा लाव अन् खालचं पेर पाय.

(ती कुंडी उचलून खिडकीशी नेते.)

प्रतीक्षा : डोळे फुगलेत. मामाजी, या कळ्या आहेत. अकरा.

पंजाबराव : बारा. एक मांगून हाय.

प्रतीक्षा : आता बायांना काय सांगू मी?

पंजाबराव : सांग, व्हिडिओत पायलं.

प्रतीक्षा : थांबा, वही आणते. पाणी कधीपासून सोडायचं?

पंजाबराव : रविवारी सांगतो. आठ बाया हायेत ना, नववी तू बस.