आईचे सहा गुण

काम्पोबास्सो शहरातल्या विमा कचेरीत ओर्नेल्ला नंबरची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं आणि त्यांचा मुलगा बोलत होते.

"बाबा, पुन्हा वेगाच्या कॅमेऱ्यानं गाडी पकडली. चालवत कोण होतं ते पोलिसांना कळवायचंय."

"माझं नाव आता विसर. तुझे गुन्हे माझ्या नावावर घेऊन लायसन्सवरचे माझे सगळे गुण कापले गेले, लायसन्सही गेलं. या वयात परत परीक्षा देऊ?"

"आईचे सहा आहेत अजून."

"आणि कापणार किती?"

"सहाच."

"स्वतःचे दे की, दोनातो!"

"माझेही थोडेच उरलेत. लायसन्स गेलं तर ट्रकच्या नोकरीवरून काढतील मला."

"गाडी माझ्या नावावर, का तर विम्याचा हप्ता कमी बसतो. दंड आमच्या नावावर. सुसाट पळवतोस मात्र तू!"

"हळू बोला. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! डायलिसिसला मला हीच गाडी चालवत नेते. आपल्या गावाला बस नाही. उद्या तू नेशील?"

"सुट्टी मिळाली तर... बघू."

ओर्नेल्लानं मान वळवली नाही. मागे पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

"हे घे लायसन्स, बाळा," म्हातारी म्हणाली. "मी किती जोरात चालवत होते, तेवढं सांगून ठेव मला."