ओढ्यापेक्षा स्वच्छ पाणी

नोकरीत माझी इतकी पंचाईत कधीच झाली नव्हती, ऐका. वारज्यापलीकडची एक बंद पडलेली दगडखाण भराव टाकून बुजवायची होती. आत पाणी साचलेलं, त्याने शेजारच्या सोसायटीची भिंत खचायला लागलेली. म्हणून ते उपसून ओढ्यात सोडायचं होतं. किती गढूळ पाणी सोडलेलं चालेल, ही मर्यादा ठरवायला प्रदूषण मंडळातर्फे मी आणि माझ्या वरिष्ठ कुलकर्णी मॅडम गेलो होतो.

नमुने तपासले, तर खाणीतलं पाणी नितळ आणि ओढा म्हणजे निव्वळ गटार. मी खाणमालक तात्यांना म्हणालो, "ओढ्यापेक्षा घाण पाणी सोडायचं नाही, एवढंच."

"मग मी त्यात शेण कालवून सोडलं तरी चालतंय की!" तात्या म्हणाले.

मी गडबडलो. "नाही नाही, आत्ता आहे तेवढंच स्वच्छ हवं."

"भराव पडला की ते गढूळ होणार हाय. म्हणजे मी गाळ बसवायला टाकी बांधायची, पाणी नितळ करायचं आणि मग गटारात ओतायचं?"

मी मॅडमकडे पाहिलं. आता मलाही तेच विचारायचं होतं.

"हो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "उद्या ओढा सुधारला, तर तुमचं पाणी आड यायला नको."

"हा ओढा सुधारणार हाय?"

"अहो तात्या, तुमची खाण बुजेल असं तरी कुणाला वाटलं होतं?"

तात्यांनी वळून खाणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "टाकी कुठं बांधू?"