बोटीवरचं कॉबलर

शीला : आई, कृतीच्या कागदावर जांभळं नाहीतच. केकच्या क्लासच्या बाईंनी सफरचंद लिहून दिलंय.

जनाबाई : लिवू दे. साठी त्यांच्या नवऱ्याची नाय, माझ्या नवऱ्याची हाय. ह्यांची जन्मतारीख कोनाला ठाव नाय. सासूबाय सांगायच्या, जांभलं पिकलेली तवा झाला. म्हंजे जांभलंच पायजेत. तू बिया काढ.

शीला : काढतेच आहे. बोटं बघा माझी, पाहुण्यांसमोर हात लपवायला लागणार. संध्याकाळी चाळीस माणसं जेवायला, अजून सुरमई तळायची आहे, आणि आपण इथे फळांचा तो विलायती केक, कॉबलर, करत बसलोय.

जनाबाई : सुरमय गावात कोन बी तलंल. हे मीच करनार.

शीला : एवढं काय आहे हो त्यात?

जनाबाई : तू डोंबिवलीवरनं परवा आलीस. मी सव्वीस वर्सं ऐकतेय. हे बोटीवरनं सुट्टीला आले की मी खाडीची कोलंबी, चिंबोऱ्या, नारलाचं सगलं गोडधोड ताटात वाढायची. चाटूनपुसून खायचे, ढेकर द्यायचे आनि म्हनायचे, पन बोटीवरचं ते कॉबलर, जनी! तुझ्या नवऱ्याच्या, चंदूच्या बारशाला म्हनाले. तुमच्या लग्नात, भर पंगतीत, तुझ्या बापाला म्हनाले.

शीला : हो ना. अण्णा घरी येऊन विचारत होते, कॉबलर हा खाडीतला मासा की समुद्रातला?

जनाबाई : हस तू. मना एकदाच त्यांच्या तोंडनं ऐकायचंय, जनी, चांगलं झालंय. मग पुढली सव्वीस वर्सं गप बसले तरी चालंल.

शीला : बरं, मग चव सांगा. आंबट होतं की गोड? साखर किती घालू?

जनाबाई : चवीचं ते कवा सांगतच नाय. वास सांगतात, दालचिनीचा. रंग सांगतात, कडेनं रस उकलत वर आलेला. चव विचारली की म्हनतात, तुला नाय कलायचं.

शीला : दोन वाट्या घालते, होईल ते होईल. लोणी, मैदा, दूध झालं. फळं खाली, त्यावर हे ओतायचं. पातेलं मासळीचं नाही ना?

जनाबाई : तुझ्याच आहेरातलं हाय. त्याला वास लागायचाय आजून.

शीला : मग ओव्हनमध्ये ठेवते. एकशेऐंशी डिग्री... अरे. लाइट गेली.

जनाबाई : शुक्रवार नाय का आज? शुक्रवारी दुरुस्तीला जातेच.

शीला : डोंबिवलीला आमच्याकडे मंगळवारी जायची हो, माझ्या लक्षातच नाही आलं. आता पाच वाजेपर्यंत काही येत नाही. सगळं फुकट गेलं, आई.

जनाबाई : डोलं पूस आधी. ओव्हन लागतो साहेबलोकांना. परसात करवंट्या पडल्यात पोतंभर. निखारे करू. थोडे खाली, जास्त झाकनावर.

शीला : अय्या, माझी आजी गावाला काकडीचा केक, धोंडस, असंच करायची.

जनाबाई : मग काय तर. ने पातेलं बाहेर.

(पाऊण तासाने. परसात, चुलीजवळ.)

शीला : आई, आला बघा वास. दालचिनीचा. आणि कडेनं रस फुटलाय, बाबा सांगतात तस्साच.

जनाबाई : झाकन ठेव, वारा नको लावू. वाटीत चार जांभलं उरलीत ती खाऊन घे. सकालपास्नं पोटात काय नाय तुझ्या.

शीला : आई, ही खारट आहेत.

जनाबाई : मग? धुतली नि मीठ चोललं मी, पाटीभर. बिनमिठाची जांभलं कोन खातं?

शीला : पाटीभर? म्हणजे यातल्यांना पण?

जनाबाई : अगो बाय माझे.

शीला : असू दे. कुणाला नाही कळणार.

जनाबाई : ह्यांना कलंल. सव्वीस वर्सं चव जपलीय त्यांनी. जन्मभर जांभलाला मीठ लावलं गो, हात काय विचारून जातो? एका दिवसासाठी शानी झाली नाय मी.

दामाजी (परसात येत) : जनी, काय शिजतंय? पार बंदरावर वास आला. चालता चालता थांबलो मी. हा वास... सूनबाय, तू केलंस?

शीला : मी फक्त बिया काढल्या, बाबा. आईंनी केलंय. बसा, वाढते.

जनाबाई : आता नको. संध्याकाली सगल्यांबरोबर खातील.

दामाजी : साठी माझी हाय का सगल्यांची? वाढ गो.

शीला : घ्या. जपून, गरम आहे.

जनाबाई : काय वो? कसं झालंय?

शीला : आई, घास तरी गिळू द्या त्यांना.

जनाबाई : मीठ लागतंय ना? सवयीनं गेलं माझ्या हातनं. बोटीवरच्यात मीठ नसंल.

दामाजी : मना काय ठाव.

जनाबाई : म्हंजे?

दामाजी : मी भटारखान्यात भांडी घासायला व्हतो, जनी. कॉबलर आत जायचं, साहेबांच्या टेबलावर. दार उघडलं की वास यायचा. मागं यायचं ते रिकामं भांडं.

शीला : कधीच उरलं नाही, बाबा?

दामाजी : उरायचं की. पन उष्टं खायचं नाय, हे मी पयल्या दिवशीच ठरवलेलं. गरम पानी ओतायचो नि घासून टाकायचो. सुट्टीत घरी आलो की वाटायचं, काय तरी मोठं सांगावं.

जनाबाई : आनि मी सव्वीस वर्सं त्या कॉबलरवर जलत बसले.

दामाजी : आज पयल्यांदाच खातोय. चांगलं झालंय, जनी. लय चांगलं झालंय.

शीला : ऐकलंत ना, आई?

जनाबाई : ऐकलं गो, बहिरी नाय मी. पदर धुरानं वला झालाय, दुसरं काय नाय. वो, खरं सांगा, मीठ खटकत नाय?

दामाजी : मीठ नसतं तर वाटलं असतं, साहेबाचंच खातोय.